बक्षीस मिळालेला छिलका

तोकुजी,

पेपरात तुझा फोटो पाहिला. लाकडाचा सगळ्यांत पातळ छिलका काढायच्या रंध्याच्या स्पर्धेत पहिला आलास म्हणे! केसाहून पातळ छिलका उजेडात धरून हसतोयस. फळीकडे मात्र कुणी ढुंकूनही पाहिलं नसेल. आपले बाबा छिलके बंबात टाकायचे आणि हात फिरवायचे तो लाकडावर.

आईच्या खोलीचं सरकतं दार तीन वर्षं अडकतंय. "ताई, पुढच्या महिन्यात येऊन रंधा मारतो," असं तूच म्हणाला होतास ना? तेव्हापासून ऐंशी वर्षांची बाई संडासला जायलासुद्धा आतून हाका मारते. लाज कशी वाटत नाही रे?

काल मीच दार खाचेतून काढलं आणि जन्मात पहिल्यांदा बाबांचा रंधा ओढला. छिलके जाडेभरडे, फाटके निघाले. तू पोट धरून हसला असतास. पण दार परत बसवलं, तर एका बोटानं सरकलं.

भिंतीकडे तोंड करून पडलेल्या आईनं तो आवाज ऐकला आणि विचारलं, "तोकुजी आला का गं?"

मी छिलके गोळा केले आणि बंब पेटवायला गेले. तुझा छिलका क्षणभरही जळला नसता. माझ्या छिलक्यांवर आईच्या अंघोळीचं पाणी तापलं. आता हे पत्रही बंबातच घालते.

तुझीच, काय करणार,
फुसाएताई