पाठीवरची वीतभर जागा

हेरमिंदाताई,

माणसाचा हात ज्याने घडवला त्याच्याविरुद्ध माझी रीतसर तक्रार आहे: दोन खांद्यांच्या मधल्या वीतभर जागेपर्यंत तो पोहोचत नाही. कोलंबियाहून, तुझ्याकडून, इथे नॉर्वेत बर्गनला परतले आणि नेमका त्याच जागी फोड आला.

इथल्या डॉक्टरांनी दोनदा गोळ्या दिल्या. मी म्हटलं, "आत काहीतरी वळवळतंय." त्यांनी हळूच विचारलं, "बाई, तुम्ही एकट्याच राहता का?" आणि मनाच्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली. आपल्या गावातली कुठलीही म्हातारी लांबूनच म्हणाली असती, हा नुचे, माशीची अळी. डुकराच्या चरबीची पट्टी लावली की श्वास कोंडून ती तोंड वर काढते. पण पट्टी लावणार कोण?

चार दिवस विचार करून शेजारच्या गुनवोरबाईंचं दार वाजवलं. आठ वर्षांची ओळख, तीही जिन्यातली. त्यांनी चष्मा लावला, पट्टी चिकटवली आणि दुपारी चिमट्याने अळी ओढून काढली.

"अहो, म्हणजे वेड्या तुम्ही नव्हतात!"

"आता हे डॉक्टरांना सांगा," मी म्हटलं.

खूप हसलो. कितीतरी वर्षांनी माझ्या पाठीला कुणाचा हात लागला होता, ताई. फोनवर मी तुला सांगते ना, इथे माझी खूप माणसं आहेत? म्हणून हे पत्र टपालात टाकणार नाही.

गुनवोरबाईंचा खांदा आखडलाय, झग्याची मागची बटणं उघडीच असतात. आता कामावर जाताना मी रोज ती लावून देते. त्या पाठमोऱ्या उभ्या राहतात. मीही घाई करत नाही.

तुझीच,
रुबिएला