विंडोजचा मुहूर्त

१२ सप्टेंबर, शुक्रवार
भाचा मुकुल हिंगोलीहून आला. मामा, विंडोज टेनची मुदत संपून राहिली, चौदा ऑक्टोबरनंतर कंपनी त्याच्याकडं बघणार न्हाई, इलेव्हन टाका, म्हणाला. म्हटलं, पितृपक्षात नवीन काही सुरू करत नाहीत. कंपनीकडं पंचांग नसावं.
आमच्या नरसी गावात कम्प्युटरवर पत्रिका जुळवणारा मी एकटा. वडील तास तास बोटं मोजत बसायचे. मी बटण दाबतो. घराणं पुढं गेलं ते माझ्यामुळंच.

१४ सप्टेंबर, रविवार
आता प्रश्न एकच. इलेव्हनचं होम घ्यायचं की प्रो? मुकुल म्हणतो, तुमच्या कम्प्युटरात आधीपासून होम हाय, होमच फुकट मिळतंय, प्रोमधलं तुमाला काहीच लागत न्हाई. होम म्हणे! मी प्रोफेशनल माणूस. रेवती म्हणाली, पण कम्प्युटर तर देवघराशेजारी, घरातच आहे की. बायकोशी तांत्रिक चर्चा करू नये.

१९ सप्टेंबर, शुक्रवार
शास्त्रानं निर्णय घेतला. बिलावरच्या तारखेवरून कम्प्युटरची पत्रिका मांडली. जन्मवेळ नव्हती, सूर्योदय धरला. होमची रास कर्क, प्रोची कन्या. होमशी सव्वीस गुण जुळले, प्रोशी नऊ. थोडी शांती केली की नऊ पुरतात. प्रो ठरलं. मुहूर्त दसरा.

२७ सप्टेंबर, शनिवार
हट्टा गावचे किशनराव आले. महाराज, पुढच्या रविवारी पाव्हणे येऊन राहिलेत. आमच्या पोरीची, कोमलची पत्रिका तुमच्याकडंच, समद्यांसमोर जुळवून द्या. तुमच्या शब्दावर सोयरीक हाय, म्हणाले. म्हटलं, नव्या विंडोजवर जुळवतो, तेही प्रोवर. त्यांनी टोपी काढून डोकं खाजवलं. भारावले असावेत.

१ ऑक्टोबर, बुधवार
मुकुलनं प्रोचा पेनड्राइव्ह दिला. आधी बॅकअप घ्या म्हणाला. ज्याचे ग्रह कच्चे, त्यानं बॅकअप घ्यावा.

२ ऑक्टोबर, दसरा
सकाळी ११:४०. हळदकुंकू, झेंडूचा हार, कीबोर्डवर आपट्याचं पान. ओवाळलं. बटण दाबलं.
१२:५०. अडतीस टक्के. इलेव्हन जरा आळशी आहे.
१:२७. एकसष्ट टक्के. संकट! दीडला राहुकाळ लागतो. राहुकाळात पुरं झालेलं काम फळत नाही. पडद्यावर लिहिलंय, कम्प्युटर बंद करू नका. लिहिणाऱ्याला राहू माहीत नाही. वायर उपटली. प्रसंगावधान.
३:०५. पुन्हा लावलं. पडदा काळा. राहूचा अंमल थोडा उरला असेल.
६:००. अजून काळा. मुकुलला फोन. मामा, वायर काहून उपटली, एवढंच विचारत राहिला. फायली गेल्या म्हणे. सगळ्या.

४ ऑक्टोबर, शनिवार
पंचांग घेऊन कोमलची पत्रिका हातानं मांडायला बसलो. पत्रिकेतलं पहिलं घर, लग्नस्थान, कुठून धरायचं तेच कळेना. वडिलांनी नीट शिकवलंच नाही. (ते हाक मारायचे तेव्हा मी मॅच बघत असायचो.) भीती वाटतेय. त्या पोरीची सोयरीक मोडली तर? रेवतीनं विचारलं, एवढा घाम कशाचा. ऑक्टोबर आहे, म्हटलं.

५ ऑक्टोबर, रविवार
पाव्हणे आले. मी पंचांग उघडून डोळे मिटले. ग्रह आज बोलत नाहीत, म्हटलं. मुलाचे मामा चपला शोधायला लागले. किशनरावांकडं बघवेना.
तेवढ्यात कोमल म्हणाली, महाराज, मी बघू का? आणि पोरीनं स्वतःची पत्रिका स्वतःच्या फोनवर जुळवली. अठ्ठावीस गुण. मामा म्हणाले, बराबर हाय. पेढे निघाले. किशनरावांनी सवयीनं सुपारी-दक्षिणा काढली, माझ्याकडं बघितलं आणि फोनवर ठेवली.
जाताना कोमलनं विचारलं, महाराज, फोनला अपडेट येऊन राहिलंय, आत्ता करू का? सगळे माझ्या तोंडाकडं बघायला लागले. घड्याळात सव्वापाच. रविवारचा राहुकाळ साडेचार ते सहा. सोयरीक त्यातच जुळली होती.
म्हटलं, कर बाई. फक्त चार्जर मधेच काढू नको.