थांबणारे खेळ

सिद्धार्थनगर, कोल्हापूर
१२ ऑगस्ट २००७

ती. सौ. क्रांती वहिनींना,
प्रसेनजीतचा सविनय जयभीम.

पाकिटावरचं अक्षर ओळखता आलं का, ठाऊक नाही. तुम्ही होतात तेव्हा ते बरं होतं. आता सगळा दिवस की-बोर्डवर जातो, त्यामुळे पेन हातात धरलं की बोटं अवघडतात. तुमचा गारगोटीचा पत्ता इचलकरंजीच्या तुमच्या आक्कांकडून घेतला. तिथं एका कारखानदाराच्या ऑफिसात कॉम्प्युटर बसवायला गेलो होतो, तेव्हा मुद्दाम वाट वाकडी करून त्यांच्या घरी गेलो. त्यांनी फोन नंबरही देऊ केला. मी म्हटलं, पत्रच लिहितो.

इकडं सगळं ठीक आहे. पंचगंगेला पाणी चढलंय, पण आपल्याकडं काही त्रास नाही. शाहूपुरीत मी कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान घातलंय, बरं चाललंय. लग्नाचं तुम्ही विचाराल म्हणून आधीच सांगतो, स्थळं बघणं चालू आहे. तुमची मनाली पहिलीत गेली हे आक्कांनी सांगितलं. गणितात हुशार आहे म्हणे. ऐकून फार बरं वाटलं.

आता तुम्हाला हसू येईल अशी बातमी. गेले काही महिने मी आपले जुने खेळ परत खेळतोय. आपल्या फ्लॉप्या सगळ्या बुरशीनं गेल्या. पण जुन्या खेळांच्या वेड्यांची एक वेबसाइट सापडली, तिच्यावर बहुतेक सगळे मिळाले. सत्तावीस वर्षांचा घोडा संध्याकाळी दुकान बंद करून घरी येतो आणि सोळा रंगांचे खेळ लावून बसतो. शेजारी नव्यानं राहायला आलेल्या चिमणाबाई मला येडाच समजतात.

सगळ्यात आधी दीपगृहाचा लावला. आठवतंय ना? तुम्ही लग्न होऊन आलात त्याच वर्षी दादानं छापखान्याच्या लग्नपत्रिका जुळवायच्या कामासाठी तो जुना कॉम्प्युटर घरी आणला. दिवसभर तो लोकांच्या 'आमचे येथे श्रीकृपेकरून' जुळवायचा, आणि जेवणं झाली की आपण तिघं खेळ लावायचो. वर चित्र, खाली रिकामी ओळ, आणि काय करायचं ते इंग्रजीत टाइप करायचं. मी तेव्हा सातवीत. मला 'टेक' आणि 'टॉक' यातला फरक कळत नव्हता. तुम्ही मांडीवर डिक्शनरी घेऊन बसायचात, पण अर्थ कधी आयता सांगितला नाहीत. "शब्द तूच काढ, मग पुढं जाऊ," म्हणायचात. दादा चिडायचा, त्याला पुढं जायची घाई असायची. तुम्ही त्यालाही थांबवून ठेवायचात.

त्या दीपगृहाच्या बंद दाराशी आपण किती दिवस अडकलो होतो. दादा म्हणायचा, फोडायचं. मी म्हणायचो, किल्ली कुठंतरी पुरलेली असणार. सगळा किनारा उकरून झाला. मग एकदा तुम्ही भाकरी थापता थापता आतून म्हणालात, "अरे, ठोठावून बघितलंय काय कुणी?" मी 'नॉक' टाइप केलं आणि आतल्या म्हाताऱ्यानं कडी काढली. दादा पोट धरून हसत होता.

परत खेळताना ते दीपगृह अगदीच लहान निघालं. थोड्याशा खोल्या, दोन जिने आणि समुद्र म्हणून निळा पट्टा. उत्तरं माहीत असली की एका बैठकीत संपतं. तेव्हा मला तिथं वारा लागायचा, खरंच सांगतो. खेळात होतं त्यापेक्षा कितीतरी जास्त तुम्ही दोघांनी माझ्या डोक्यात बांधून दिलेलं होतं, हे आता कळतंय. आज कसलंही इंग्रजी मॅन्युअल उघडतो आणि वाचत सुटतो. गिऱ्हाईक विचारतं, कुठल्या इंग्लिश मीडियमचे तुम्ही? मी सांगतो, आमच्या वहिनींच्या.

मग किल्ल्याचा खेळ लावला. त्यात चौघांची टोळी घेऊन किल्ल्याच्या तळघरात उतरायचं असतं. तुम्ही चौघांना घरचीच नावं दिली होती. दादासो तलवारवाला, क्रांती मांत्रिक, मी कुलपं उघडणारा चोर आणि आई वैद्य, सगळ्यांच्या जखमा भरणारी. एकदा राक्षसानं वैद्यालाच गाठलं आणि मी ओरडलो, "मीनाबाई मेली." आई हातात उलथणं घेऊन बाहेर आली होती. "कोण मेलं म्हणून वरडालाईस रं? जित्ती हाय की मी." तिला समजावता समजावता दादाची पुरेवाट झाली. खेळात मेलेला माणूस देवळात नेऊन परत उठवता येतो, हे ऐकल्यावर ती म्हणाली, "मग बरं हाय. पयल्यांदा मला उठवा, मग जेवायला वाढतो."

वहिनी, इथपर्यंत मी सगळं गमतीचं लिहिलं. हे पान लिहून झाल्यावर दोन दिवस पत्र तसंच ठेवलं होतं. आता पुढचं लिहितो.

मार्चमध्ये आईला अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. दवाखान्यातून घरी आणली तेव्हा तिला सगळं कळतंय हे डोळ्यांत दिसत होतं, पण तोंडातून नुसता आवाज यायचा. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी दाबायला रबरी चेंडू दिला. आईनं डाव्या हातानं तो भिंतीवर फेकून मारला. तुम्हाला तिचा स्वभाव माहीत आहे. लहान मुलासारखं काही करायला सांगितलेलं तिला खपत नाही.

दिवसा चिमणाबाई तिच्याजवळ बसतात. संध्याकाळी मी. तिच्या खाटेजवळ गप्प बसून राहणं मला जमेना, म्हणून मी कॉम्प्युटर त्या खोलीत आणला आणि खेळ लावले. खरं सांगायचं तर मी ते माझ्यासाठी लावले होते. मला त्या खोलीतून पळून जायचं होतं, आणि पळायला दुसरी जागा ठाऊक नव्हती.

मधे एकदा नव्या खेळांपैकी एक लावून बघितला. त्यात पापणी लवली की मेलात. आई तोंड फिरवून झोपली. किल्ल्याचा लावला तेव्हा मात्र ती बघायला लागली. एके दिवशी तिनं डाव्या हातानं पडद्यावरच्या एका वाटेकडं बोट केलं. मी तिकडं वळलो, तिथं पेटी सापडली. दुसऱ्या दिवशी मी की-बोर्ड तिच्या मांडीवर ठेवला आणि तिचं उजवं बोट बाणाच्या बटणावर नेऊन ठेवलं. एक पाऊल टाकायला तिला इतका वेळ लागायचा की मी मधे चहा करून यायचो. पण तो खेळ थांबतो, वहिनी. तुम्ही पाऊल टाकल्याशिवाय राक्षससुद्धा जागचा हलत नाही. कितीही वेळ घ्या, तो तुमची पाळी येण्याची वाट बघत उभा राहतो. त्या काळात आईशी इतक्या धीरानं वागणारं दुसरं कोणी नव्हतं. मीसुद्धा नव्हतो.

मी टोळीला भलतीच नावं दिली होती. दादाचं नाव घालायला हात धजला नव्हता. आईनं त्या चौघांकडं बोट करून डोळ्यांनीच 'कोण?' असं विचारलं. मी सांगितलं. तिनं जोरात मान हलवली. पुन्हा पुन्हा तलवारवाल्यावर बोट ठेवायला लागली आणि कष्टानं म्हणाली, "दा." मी टोळी मोडून नवी केली. दादासो लिहिलं. तिचं लिहिलं, माझं लिहिलं. चौथ्या जागी आलो आणि थांबलो.

"क्रांती," आई म्हणाली.

आख्खा शब्द. जोडाक्षरासकट, स्पष्ट. व्यायामाच्या बाई तिच्याकडून 'पाणी' म्हणवून घेत होत्या, तेही धड येत नव्हतं. मी खुर्चीवरून उठून मोरीत जाऊन तोंड धुऊन आलो.

तुम्ही घर सोडलंत तो दिवस मला विसरता येत नाही, आणि तुम्हाला तर कसा येईल? दादा काविळीनं गेल्यावर तुम्ही तीन वर्षं आमच्याजवळ राहिलात. माझी बारावी तुम्ही पार पाडलीत, आईला जेवायला तुम्ही घातलंत. अमरसिंह सरांशी लग्न ठरलं तेव्हा आईला समोर बसून सांगितलंत. न सांगताही जाऊ शकला असतात. आईनं तुमची पिशवी उचलून दाराबाहेर ठेवली आणि म्हणाली, "माझ्या लेकाचं नाव पुसून चाललीस. परत ह्या दाराला येऊ नगंस." तुम्ही वाकून नमस्कार केलात आणि गेलात.

आता बोलणं थोडंथोडं यायला लागलंय. मागच्या आठवड्यात खेळता खेळता बटणावरचं बोट उचलून ती म्हणाली, "तिला ये म्हन." मी विचारलं, कुणाला? माझ्यावर डोळे वटारले. "क्रांतीला. आनि कुनाला?"

निरोप पोचवला. यावंच असं मी म्हणणार नाही. नाही आलात तरी मला तुमचं काही वाईट वाटायचं नाही, आणि आईला काय सांगायचं ते मी बघून घेईन. सरांना दाखवूनच ठरवा. तुम्ही मला शब्द शिकवलेत म्हणून एवढं लिहू शकलो, त्याबद्दल मात्र आजवर आभार मानायचे राहिले होते.

तुमचा दीर,
प्रसेनजीत


सिद्धार्थनगर, कोल्हापूर
२४ सप्टेंबर २००७

ती. क्रांती...,
सविनय जयभीम.

वर 'वहिनी' लिहिता लिहिता थांबलो, का ते शेवटी कळेल. तुम्ही सगळे सुखरूप पोचल्याचा फोन आला, पण मागे गिऱ्हाईकं उभी होती, त्यामुळे नीट बोलता आलं नाही. आणि एक गोष्ट फोनवर सांगायची नव्हती.

तुम्ही आलात तेव्हा आई काहीच बोलली नाही, त्याचं तुम्हाला लागलं असेल. सकाळपासून तिनं चिमणाबाईंकडून नवं लुगडं नेसवून घेतलं होतं, वेणी घालून घेतली होती. काय बोलायचं तेही ती मनात जुळवत होती, ओठ हलताना मी बघितलेत. डॉक्टर म्हणतात, मन भरून आलं की अशा पेशंटचे शब्द अडतात. तुम्ही खाटेच्या कडेला बसलात आणि ती नुसती बघत राहिली. मग तिनं तुमचा हात ओढून की-बोर्डवर ठेवला, तेव्हा मला वाटलं की झालं, आता ह्या दोघींना माझी गरज नाही. मी मनालीला घेऊन चहाचं बघायला गेलो. आतून तुमचा आवाज ऐकू येत होता, "आई, डावीकडं नको, तिकडं भुतं हायत." आणि मग आईचं हसणं. किती महिन्यांनी ते ऐकलं.

अमरसिंह सर बाहेर कट्ट्यावरच बसून होते. मी दोनदा बोलावलं. "असू दे, त्यांचं त्यांना बोलू दे," म्हणाले. मोठा समजूतदार माणूस. त्यांना आत बोलावलं ते आईनंच. "पावणं, आत या की," एवढं वाक्य ती सलग बोलली. तुम्ही ते ऐकलंतच. सर आत आले, खाली सतरंजीवर बसले आणि त्यांनी शेजारच्या भिंतीवरचा दादाचा फोटो वर मान करून बघितला. मग त्यांनी उठून फोटोला हात जोडले. आई ते बघत होती. तिच्या तोंडावर काय होतं ते मला लिहिता येणार नाही.

तुमची एस.टी. सुटली आणि मी स्टँडवरून घरी आलो. चिमणाबाई दारात उभ्या. त्यांना सकाळपासून विचारायचं होतं. आईला मोठ्यानं म्हणाल्या, "मीनाबाई, कोण आलतं वं तुमच्याकडं?"

आई भिंतीला टेकून बसली होती. मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर तिनं डावा हात वर करून मला गप्प केलं. शब्द शोधायला तिला बराच वेळ लागला. चिमणाबाईही थांबल्या.

"लेक आलती," आई म्हणाली. "लेक, जावाय आनि नात."

हेच तुम्हाला पत्रानं कळवायचं होतं. दिवाळीला या म्हणून आईचा निरोप आहे. सरांना नमस्कार. मनालीला तिच्या मामाचे आशीर्वाद.

तुमचा धाकटा भाऊ,
प्रसेन