कसली पार्टी?

ऋतुराज,

किल्ली शेजारच्या शिवानीकडे आहे. मी दिवा गावी मालनमावशीकडे राहायला चाललेय.

पलंगाजवळच्या खिडकीची फट बुजव, रात्रभर वारा लागतो, हे तुला किती वर्षं सांगत होते. चिंध्या कोंबून दिवस काढले. या रविवारी तू आपणहून सिलिकॉनची नळी घेऊन फट भरायला बसलास. मी शिवानीला बोलावून कौतुकाने दाखवलं.

आज एजंट आला. म्हणाला, "काकू, फटी भरून घेतल्यात ते बरं केलंत. आता पार्टी लगेच हो म्हणेल." मी वेडी विचारतेय, "कसली पार्टी? त्याचा वाढदिवस तर झाला." तेवढ्यात पार्टी आलीच, नवराबायको आणि कडेवर बाळ. घर विकायला काढलंस हे मला त्यांच्याकडून कळलं. घर तुझ्या नावावर करताना माझी सही लागत होती, तेव्हा बरं विचारलंस!

त्यांना चहा दिला, आणि पावसाळ्यात पाणी कुठून कुठून गळतं तेही दाखवलं. आता ते काही यायचे नाहीत.

उरलेली नळी मी नेतेय. मावशीच्या खिडकीलाही फट आहे. ती मी बुजवणार आहे, तिला वारा लागू नये म्हणून.

आई