पडद्याची पाठ

५ मार्च २०२५, बुधवार

पडदा उलटा विणला गेलाय!

आज विणकर आप्पांनी तो मागावरून उतरवला. मी आणि त्यांची सून ईरम्मा दोन टोकं धरून उभ्या राहिलो आणि मला दिसलं. प्रभूचा उंचावलेला हात डावा. त्या हाताखाली मेंढरं. त्याच्या उजवीकडे शेरडं — न्यायाच्या दिवशी ज्यांना तो डावीकडे लोटायचा, ती. खाली कोपऱ्यात माझं नावसुद्धा उलटं.

आप्पा चित्र ताण्याच्या उभ्या धाग्यांखाली ठेवतात आणि पडद्याच्या मागच्या बाजूने विणतात. म्हणून त्यांना चित्र उलटं ट्रेस करून द्यायचं असतं. एकोणीस वर्षं भिंतीवरच्या पडद्यांची चित्रं काढतेय, दर वेळी उलटं दिलं. आमच्या चर्चच्या वेदीमागे लागणार होतं, ते तेवढं सुलटं दिलं.

ईरम्मा हसली. "तुमचा देव डावरा हाय व्हय, बाई?"

चूक माझी आहे.

६ मार्च

पाळकसाहेबांना कळवलं नाही. घसा बसला होता. — खोटं. घसा ठीक आहे.

९ मार्च, रविवार

उपासना झाल्यावर पाळकसाहेब आणि चर्चचे पंच आप्पांच्या घरी आले. पडदा फरशीवर पसरलेला. सेक्रेटरी म्हणाले, दोन महिन्यांच्या कामाला चार लावले तेव्हाच ओळखायला हवं होतं, म्हाताऱ्याची नजर गेलीय. आणि त्यांना आपल्यातलं काय कळणार?

मी तिथेच होते. माझ्या चपलांकडे बघत.

आप्पा म्हणाले, "चुकलं, साहेब. उलटून तरी बघा —"

"आता उलटून काय होणार?"

खरंच काय होणार होतं? पाठीला गाठी असतात, धागे लोंबत असतात. मला ते सेक्रेटरींपेक्षा जास्त माहीत. मीही वाकून बघितलं नाही.

पडदा गुंडाळून चर्चच्या कपाटात गेला. ईस्टरला फ्लेक्स लावायचं ठरलं.

दोन तास झाले घरी येऊन. अजून जेवले नाही. उपवास म्हणून नाही.

१४ मार्च

चित्र उलटं करायला विसरले, की विसरायचंच होतं?

चित्रासाठी दोनदा सांगोल्याच्या शेळ्यामेंढ्यांच्या बाजारात गेले होते. मेंढरं एका बैठकीत संपवली — सगळी सारखी, माना खाली. शेरडांना तीन आठवडे लागले. एकीचा कान फाटका. एकीच्या कपाळावर पांढरा ठिपका. एक मागे वळून बघणारी, जणू तिला कुणी हाक मारली. ज्यांना तो दूर लोटणार, त्यांच्यावरच मी जीव लावून बसले!

बाबा प्रचारक होते. माझं प्रत्येक चित्र शांतपणे पाहायचे आणि एकच विचारायचे, "यात देव दिसतो, की तू दिसतेस?" ते गेल्यावर मी एक उत्तर तयार केलं: त्याने जे घडवलं ते नीट निरखून बघणं हीच माझी प्रार्थना, आणि सुंदर म्हणजे कुणीतरी नीट निरखलेलं. मग तो फाटका कानही त्यानेच घडवला ना? त्याला डावीकडे कसं ढकलू?

पण मग कोपऱ्यात माझं नाव कशाला?

हे सगळं लिहायला बरं वाटतं. आप्पांवरचा आळ एका वाक्याने निघेल. ते वाक्य सोडून मी पान भरलं.

२३ मार्च, रविवार

संध्याकाळी आप्पांकडे. चर्चने पडदा नाकारला हे गल्लीभर झालंय. ईरम्मा म्हणाली, याच महिन्यात माग मोडायचा, त्या खोलीत शिलाईच्या मशिनी बसवायच्या. "म्हातारं चुकायला लागलं. आता कोन काम देतंय?" दोन वर्षं घरात हाच वाद चालू होता. आप्पा हटत नव्हते. आता त्यांच्याकडे बोलायला काही उरलं नाही. ते मी काढून घेतलं.

ते ओट्यावर बसले होते. मी हळूच विचारलं, चित्र सुलटं आहे हे कधी कळलं.

"पैल्या आठवड्यातच. तुमचं नाव मला सरळ वाचाय आलं की."

"मग विचारलं का नाही, आप्पा?"

"विचारनार होतो. पर शेरडं लई जीव लावून काढलेली तुमी. म्हटलं, बाईंच्या मनात असंच असंल. नसलं तर नसलं. मी माझ्या परीनं केलंय."

मी पंचांना खरं सांगेन असं त्यांना म्हणाले नाही. म्हटलं असतं तर सांगावं लागलं असतं.

३० मार्च, रविवार

आज उपासनेत साक्षीच्या वेळी उभी राहिले. सांगितलं. चूक माझी, विणकराची नाही, आणि तीन आठवडे मी गप्प बसले. सेक्रेटरी चष्मा पुसत राहिले. पाळकसाहेब म्हणाले, मग पडदा पाठीकडून लावू या, हात उजवा येईल. सगळ्यांना पटलं.

माझ्या मनात पहिला विचार कोणता आला? गाठी. माझं चित्र लोकांना गाठींतून दिसणार! आप्पा त्यानंतर आठवले. हे लिहून ठेवते.

३१ मार्च

आप्पांना सांगायला गेले. खोली रिकामी होती. फरशीवर मागाच्या पायांचे चार खड्डे. शुक्रवारीच मोडला, लाकूड गेलंसुद्धा. मी रविवारी उभी राहिले.

ईरम्माला सगळं सांगितलं. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आदी सांगायचं की, बाई."

आप्पा आत भिंतीकडे तोंड करून पडले होते. उठले नाहीत.

१९ एप्रिल, शनिवार

उद्या ईस्टर. पडदा लावायला चर्चमध्ये गेले. पाठीचे लोंबते धागे कापायला कात्री नेली होती.

कापायला काही नव्हतं. पाठीवर एकही गाठ नाही. प्रत्येक टोक आत ओवून घेतलेलं, फाटक्या कानापाशीसुद्धा. दोन्ही बाजूंनी पुढचीच बाजू.

म्हणून चार महिने लागले होते.