आईच्या लुगड्यातला माझा अर्धा

चेन्नई, सोमवार

ती. अक्का,

गोदाचा वाकून नमस्कार. तुझा उजवा गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस असं तीनदा सांगितलं आहे, आणि तू चढतेस हे मला इथे बसून कळतं. भावजींचं ऐकण्याचं यंत्र कानात आहे की अजून कपाटातच? रंजनी पेरुंगुडीहून बाळंतपणाला आमच्याकडे आल्यापासून घरात झोप कुणालाच नाही, पण बाळ-बाळंतीण ठणठणीत आहेत. रविवारच्या बारशाला नाव अवनी ठेवायचं ठरलं आहे.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच हसतेस आणि मग मला पुढचं बोलता येत नाही. म्हणून पत्र लिहून तिकडे निघालेल्या श्रीहरीच्या हाती देते आहे. तो उद्या तुझ्याकडे तंजावरला पोचेल.

बाळाचं पहिलं झबलं आणि कुंची घरातल्या जुन्या मऊ लुगड्याची असावी, ही आपली रीत. या शहरात शिंपी पुष्कळ, पण कुंची म्हटलं की त्यांना पावसाळी टोपी वाटते. रंजनी म्हणाली, मावशीला सांगू. मी म्हटलं, कशाला? मी करीन, त्यात काय आहे? (राघोत्तमांनी वर्तमानपत्र खाली केलं आणि पुन्हा वर केलं. लग्नाला सदतीस वर्षं झाली, त्यामुळे मला ते समजलं.) तुला आठवतं, आई गेल्यावर तू तिच्या शेवटच्या लुगड्याचे दोन सारखे भाग केलेस, आणि मी म्हणाले होते, या चिंधीचं मी काय करू? ती चिंधी मी इतकी वर्षं कपाटात वरच्या खणात ठेवली होती. ती काढली, शेजारच्या विद्यालक्ष्मीचं शिलाई मशीन आणलं आणि कामाला लागले.

गिंडीच्या कारखान्यात पंपाचे भाग तपासण्यात माझी एकतीस वर्षं गेली. केसाएवढा फरक दिसला तरी माल परत पाठवत असे. तेव्हा बाळाची मापं मी कशी घेतली असतील ते सांगायला नको. कागदावर आकृती काढली आणि कापड त्या रेघेवर तंतोतंत कापलं. शिवण घालताना कापड आत जातं हे मात्र आकृतीत नव्हतं. (तुम्ही शिवणारे लोक त्यासाठी माया ठेवता, हे मला विद्यालक्ष्मीने नंतर सांगितलं, तेही भिंतीकडे बघत.) ते झबलं आता रंजनीच्या लहानपणच्या बाहुलीला घट्ट होतं.

दुसऱ्या झबल्याला माया ठेवली. पण नाड्या मला ढिसाळपणा वाटल्या. जिथे माप अचूक तिथे बांधायचं कशाला? मानेचा घेर नेमका मोजून गोल गळा केला. अक्का, तो गळा मानेला बिनचूक बसला असता. मानेपर्यंत पोचायला आधी डोकं जावं लागतं, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा बाळ झबल्याच्या आत होतं आणि रडण्याचा आवाज बाहेर. त्यानंतर कुंची. जी बाजू मागे शिवायची ती मी पुढे शिवली. राघोत्तमांनी ती हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि विचारलं, यात नारळ किती मावतील?

रंजनी हसली नाही. ती म्हणाली, "अम्मा, आज्जीचं लुगडं संपत आलंय ग." मी पाहिलं तर हातरुमालाएवढं उरलं होतं.

तेव्हा मी एकदा नीट शिकावं म्हणून, तू मला कॉलेजात जाताना शिवून दिलेला तो निळा ब्लाउज काढला. (ठेवला होता. का, ते विचारू नकोस.) त्याची एक बाजू उसवली. सपाट कापडाला खांदा कुठून येतो हे मी भिंग घेऊन पाहत बसले. बाही खांद्याच्या भोकापेक्षा मोठी कापलेली, आणि तरी एक चुणी न पडता ती आत बसलेली. हे कोणत्या हिशेबाने करतात ते मला अजून उमगलेलं नाही, आणि तू तर दहावीनंतर शाळेत गेली नाहीस.

पण थक्क झाले ते पुढे. उसवलेल्या शिवणीच्या आत सुईच्या भोकांच्या तीन जुन्या रांगा होत्या, एकीबाहेर एक. आणि शिवणीपलीकडे अजून बोटभर कापड शिल्लक. अक्का, मी आयुष्यभर सगळ्यांना सांगत आले, की कॉलेजातला ब्लाउज मला रंजनी झाल्यावरही होत होता, इतकं माझं अंग शिस्तीत. दर सुट्टीला तू तो "धुवायला" म्हणून नेत होतीस. तीनदा उसवून तीनदा सैल शिवलास, आणि लोकांचा माल तपासणाऱ्या मला त्याचा पत्ता लागू दिला नाहीस. एकदाही बोलली नाहीस. मी मात्र तुझ्या मशीनला बिनडोक खडखडाट म्हणत होते, तेही पाहुण्यांसमोर.

तो ब्लाउज मांडीवर घेऊनच हे पत्र लिहिते आहे. बाकी सर्व क्षेम.

तुझी
गोदा

ता. क. तुझ्याकडचा लुगड्याचा अर्धा भाग हवा आहे. माझ्या अर्ध्याचं काय झालं ते वर लिहिलंच आहे. मागायला तोंड नाही, पण बाळाला आपल्या आईचंच लुगडं लागावं असं मला वाटतं.

ता. क. २. तो श्रीहरीबरोबर पाठवू नकोस. तू घेऊन ये. रविवारी सगळ्यांबरोबर नको, गुरुवारीच ये. स्टेशनवर मी येईन, जिना चढायचा नाही. मशीनवर मीच बसणार, तू शेजारी बसून सांगायचंस. निळ्या ब्लाउजची उसवलेली बाजूही तशीच आहे. ती मला पुन्हा जोडता येत नाही.

ता. क. ३. आणि हसायचं नाही. हसलीस तरी ये.