टाकीतला समुद्र

तीर्थस्वरूप दाजींना नमस्कार.

चहूकडे पाणी आणि पायाखाली तेल अशा रिगवर तुम्ही राहता, तेव्हा आधी तब्येत विचारतो. कंबर कशी आहे? इकडे ताई आणि पोरं खुशाल. मीही बरा आहे, फक्त नखं अजून काळी आहेत. त्याची हकिकत अशी.

तुमच्या रिगशेजारी कंपनीला तशीच दुसरी उभी करायची आहे, म्हणून शाळेच्या हॉलमध्ये जनसुनावणी होती. लोकांची भीती जावी यासाठी काचेच्या टाकीत रिगचं मॉडेल ठेवायचं ठरलं आणि ते काम, दाजी, एवढे सुतार सोडून मला मिळालं. (बाकीच्यांनी आधीच नाही म्हटलं होतं, हे मागाहून कळलं.) कंपनीने तुमच्याच रिगचा नकाशा दिला. देवाचं नाव घेऊन मी तो सूतभरही फरक न करता उतरवला. सागवानी पाय, तळाशी गॅरेजमधल्या जळक्या ऑइलचा डबा, त्यातून वर येणारी नळी आणि नळीवर दोन स्क्रूंनी बसवलेला व्हॉल्व्ह. काही बिघडलं की हा व्हॉल्व्ह बंद होतो, थेंब बाहेर येत नाही, असं कंपनीच्या साहेबांनी तीनदा करून दाखवलं. हात वर करायला सांगितले तर निम्म्याहून जास्त लोक रिगच्या बाजूने! मला सदरा छातीवर तंग व्हायला लागला.

तेवढ्यात मासे विकणारी म्हातारी पुढे आली, टाकीत डोकावली आणि म्हणाली, "काय रे सुतारा, तुझा समुद्र झोपलाय का? लाटा कुठायत?" साहेब म्हणाले, लाटा नकाशात धरल्यात. तिथे मी गप्प बसायचं. पण हातातली कला देवाने दिलेली, आगाऊपणा मात्र माझ्या स्वकष्टाचा. "या घे लाटा, मावशी," म्हणून मी टाकी गदागदा हलवली. पाय तसूभर हलले नाहीत. (एकही सांधा सुटला नाही, हे कृपया ध्यानात घ्यावं.) स्क्रू मात्र दोन्ही निसटले, व्हॉल्व्ह कलंडला, ऑइल भसाभसा वर आलं आणि समुद्र काळाकुट्ट झाला. काठावरून एक लाट साहेबांच्या पांढऱ्या शर्टावर गेली. "हां, आता जागा झाला," म्हातारी म्हणाली.

साहेब माझ्यावरच उखडले, म्हणे काम कच्चं. मग मी भर हॉलमध्ये नकाशा पसरला, पट्टी लावली आणि एकेक माप मोठ्याने वाचलं. सगळं जुळलं, दाजी! स्क्रूसुद्धा! टाळ्या थांबेनात. आपल्या घरात एवढा मान आजवर कुणाला मिळाला नव्हता. पुन्हा हात मोजले तेव्हा बहुतेक विरोधात गेले.

तुमचा मेहुणा

ता. क. : कंपनीने नवं मॉडेल करायला सांगितलंय. या वेळी पाणी नको म्हणाले.

ता. क. : विरोधातल्या हातांत एक माझा होता. काळा असल्यामुळे मोजणाऱ्याला लांबूनच दिसला. राग नसावा.

ता. क. : टाळ्या चालू असतानाच मला घाम फुटला होता. नकाशा तुमच्या रिगचा आहे. तिथल्या इंजिनिअरला गाठून विचारा, खरा व्हॉल्व्ह कशावर धरलाय. त्याने उत्तर द्यायला वेळ लावला, तर पुढच्या बोटीने घरी या. ताईला मी सांगेन, कंबर धरली म्हणून आले.